गार शेवया

उन्हाळ्यात आमच्या मुकुंदवाडीच्या घराच्या गच्चीवर शेवया वाळत असायच्या. दोन बाजांच्या मधे आडव्या काठ्या टाकलेल्या आणि काठ्यांवरून शेवयांचे लांब, पांढरट धागे सोडलेले. वारा आला की सगळे मिळून एका बाजूला झुकायचे आणि वारा गेला की सावकाश जागेवर यायचे. कावळे-चिमण्या हाकलायला मला वर बसवलेलं असायचं. मी त्या धाग्यांच्या सावलीत चटईवर आडवी व्हायचे. घराजवळच्या रुळांवरून मालगाडी यायची. तिचा आवाज लांबून सुरू व्हायचा आणि लांब जाऊन विरायचा, आणि त्या दोन टोकांच्या मधे कुठंतरी माझा डोळा लागलेला असायचा. चिमण्यांनी किती शेवया नेल्या, देव जाणे. आता आमच्याकडं शेवया पाकिटातून येतात आणि गच्चीवर पाण्याच्या टाक्या आहेत. पण दुपारी पडल्या पडल्या डोळे मिटले की अजूनही मला पापण्यांवर ते धागे हलताना जाणवतात.

शेवया काकू करायची. सोयगावकडच्या आमच्या वाट्याच्या रानातला बन्सी गहू यायचा. तो ओलवून, वाळवून, दळून, वस्त्रगाळ करून ती पीठ मळायची. मग एक लांबट पाट डब्याला तिरका टेकवायचा आणि त्याच्यावर पिठाचा गोळा तळव्यानं घासत घासत खाली आणायचा. पाटाच्या टोकावरून धागा उतरायचा. दुसऱ्या हातानं ती तो झेलत राहायची. हे करताना ती बोलत नसे. बांगड्यांचा एक बारीक, एकसारखा आवाज तेवढा येई.

घरात आम्ही थोडीच माणसं. दादा, म्हणजे माझे वडील, एका सरकारी कचेरीत कारकून, आई, मी, आणि काका-काकू. काका एसटीवर ड्रायव्हर होते, सोयगावच्या गाडीवर. काकूला मूल नव्हतं. हे वाक्य मी आज सहज लिहून टाकलं, पण तेव्हा आमच्या घरात ते कुणी उच्चारत नसे. गल्लीत कुणाकडं बारसं असलं, डोहाळजेवण असलं, की आईनं काही म्हणायच्या आत काकूच म्हणायची, "जाऊबाई, तुम्ही व्हा पुढं. मी चुलीपाशी हाय." आणि खरंच ती चुलीपाशी असायची. दुसऱ्यांच्या कार्यातसुद्धा पुऱ्या तळायला, भात उपसायला आतच बसलेली. बाहेर हळदीकुंकू व्हायचं, ओट्या भरल्या जायच्या, गाणी व्हायची आणि काकू घाम पुसत आत. तिला आत राहणं आवडतं असंच मी कितीतरी वर्षं समजत होते.

गच्चीला लागून एक खोली होती. त्या खोलीत साची आणि तिचा नवरा राहायला आले ते काकांमुळं. तिचं पूर्ण नाव साचिको. ती दोघं जपानची. नवरा चित्रकार होता. अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रं बघून बघून तो त्यांच्या नकला उतरवायचा. काकांच्या गाडीनं तो लेण्यांजवळच्या फर्दापूरला जायचा आणि आठवडाभर तिकडंच राहायचा. गाडीतल्या ओळखीवर काकांनी त्याला खोली दाखवली. आम्ही त्याला साहेब म्हणायचो आणि तो आमच्या सगळ्यांनाच वाकून नमस्कार करायचा, मलासुद्धा. साची त्याच्यापेक्षा लहानखुरी, केस मानेपर्यंत कापलेले. तिकडं कॉलेजात ती थोडी हिंदी शिकली होती. आमच्या घरात चांगली हिंदी मलाच यायची, म्हणून कोण काय म्हणालं ते तिला सांगायचं काम आपोआप माझ्याकडं आलं. आठवीची परीक्षा होऊन सुट्ट्या लागल्या होत्या आणि मला त्या कामाचा लई अभिमान वाटायचा.

ती आली तेव्हाच तिला दिवस गेले होते. आईनं पहिल्या आठवड्यातच ओळखलं. साची काही खातच नव्हती. खाल्लं तरी पोटात ठरत नव्हतं. खाली आमच्या चुलीवर फोडणी पडली, जिरं-मोहरी तडतडली, की वरून तिच्या ओकाऱ्यांचा आवाज यायचा. आईनं स्टो उचलून मागच्या अंगणात नेला तरी वास वर जायचाच. चेहरा ओढत चालला, मनगटं काडीसारखी झाली. आई तिला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. त्या आईलाच म्हणाल्या, "असंच चाललं तर भरती करावं लागेल. आणि सलाईनवर किती दिवस काढणार? पोटातलं बाळ कशावर वाढणार?" साहेबाला तिला परत मायदेशी पाठवायचं होतं, पण इतक्या लांबच्या प्रवासालाही डॉक्टरीणबाईंनी नकोच म्हटलं. घरी येऊन आईनं हे काकूला सांगितलं. काकू नुसती वर, जिन्याकडं बघत राहिली.

त्याच दिवसांतली एक दुपार. मी चटईवर अर्धवट झोपेत होते. खोलीचं दार उघडलं आणि साची भिंतीला धरून बाहेर आली. उन्हानं डोळे बारीक करून तिनं समोर बघितलं आणि ती तिथंच थांबली. मग हळूहळू शेवयांपाशी गेली. बोटाच्या पाठीनं एक धागा हलवून बघितला, आणि खाली बसून रडायला लागली.

मी जिन्यावरून ओरडले, "काकू, वर ये! साची रडू राह्यली!"

काकू पिठाच्या हातांनीच वर आली. "काय झालं गं माय? कुठं दुखतंय?"

साचीनं मान हलवली. शेवयांकडं हात करून म्हणाली, "मेरी माँ का गाँव. ऐसा ही. लकड़ी पे. पूरा गली में." आणि मग डोळे पुसून एकदम विचारलं, "आप लोग ठंडा खाते?"

"थंडा?" काकू हसली. "थंडा कौन खाता, बाई! दूध में पकाने का, गूळ डाल के."

दुधाचं नाव काढताच साचीनं तोंडावर हात ठेवला. काकूचं हसू थांबलं. तिनं वाकून विचारलं, "तेरे को थंडा खाने का मन हुआ क्या?" साचीनं लहान मुलीसारखी मान डोलावली.

"सुमे," काकू माझ्याकडं वळून म्हणाली, "हा डोहाळा हाय. हिला हेच पायजे. आपण करू."

पहिल्या दिवशी काही जमलं नाही. उकळत्या पाण्यात शेवया टाकल्या आणि बघता बघता त्यांची पेज झाली. साचीनं एक घास घेतला, आमच्याकडं बघून हसली आणि ताटली खाली ठेवली. काकूला ते हसणंच लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती साचीला हाताला धरून खाली घेऊन आली आणि पिठाच्या परातीपुढं बसवून म्हणाली, "बताव."

साचीनं सगळ्यात आधी मिठाकडं बोट केलं. काकू दचकली. "शेवयांत मीठ? गोडाच्या शेवयांत?" पण टाकलं. मग साचीनं दाखवलं, पीठ घट्ट मळायचं, पुन्हा मळायचं, ओल्या फडक्याखाली झोपवायचं आणि उठवून पुन्हा मळायचं. तिच्या अंगात ताकद नव्हती. ती हवेत मळून दाखवायची आणि काकू परातीत मळायची. त्या दिवशी पाटावरून जो धागा उतरला तो नेहमीपेक्षा बारीक होता, पण ओढला तरी तुटेना. काकूनं तो उजेडात धरून बघितला. "आरं तिच्या," ती हळूच म्हणाली, "हा तर दोरा झाला."

दोन दिवस तो वाळू दिला आणि मग मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात शिजवला. फेस वर आला की साची वाटीभर गार पाणी ओतायची, फेस खाली बसायचा. शिजल्या शिजल्या शेवया बांबूच्या टोपलीत ओतल्या. सगळं पाणी मोरीत गेलेलं बघून काकू हळहळली, "सगळं सत्त्व गेलं की गं पाण्यात!" पुढं तर साचीनं माठातलं पाणी घेऊन त्या शेवया दोन्ही हातांनी चोळायला सुरुवात केली.

"जाऊबाई, बघा तरी इकडं! कपडे धुतल्यागत धुऊ राह्यली ही!"

आई दारात येऊन हसायला लागली. पाणी आधी दुधासारखं निघालं, मग ताकासारखं, मग नुसतं पाणी. मी गोणपाटात गुंडाळून भुशातला बर्फ आणला होता. तो फोडून, धुऊन टोपलीत टाकला. शेवया अंग आखडून घेतल्यासारख्या झाल्या, एकेक सुटी, चकचकीत. काकूनं विळी घेतली. काकडी, गाजर, कोबीचं पान, कांद्याची पात, कोवळी कैरी, सगळं तिनं असं उभं आणि बारीक चिरलं की शेवया कुठल्या आणि काकडी कुठली ते कळेना. तीळ भाजले. तिळाचा वास साचीला चालला. उलट तिनं तो डोळे मिटून घेतला. खलबत्त्यात तीळ कुटले, त्यात कैरीचा रस, गुळाचा खडा, मीठ, घाण्याचं तिळाचं तेल आणि साचीनं घरून आणलेल्या बाटलीतल्या काळ्या, खारट रसाचे थेंब. सगळं कालवून झाल्यावर काकूनं सवयीनं पळी शोधली.

"आन् फोडणी?"

"नहीं, काकू," साची हात जोडून म्हणाली. "फोडणी नहीं." आमच्या भाषेतला तिनं उचललेला पहिला शब्द तोच.

आम्ही तिघी गच्चीच्या दारातल्या सावलीत बसलो. साचीनं दोन बारीक काड्यांनी शेवया उचलल्या आणि सुर्रकन आवाज करून आत ओढल्या. काकडी करकर वाजली. दुसरा घास. तिसरा. तिच्या कपाळावरचं काहीतरी सैल होताना मला दिसलं. ताटली रिकामी झाली आणि मग आम्ही कुणीच हललो नाही. ते पोटात ठरतंय का, याची वाट बघत बसलो. माठातून पाणी ठिबकत होतं. ऊन गच्चीवरून सरकत सरकत आमच्या पायांपर्यंत आलं. एक मालगाडी आली आणि गेली. साची भिंतीला डोकं टेकून झोपली होती, आणि काकू पदरानं तिला वारा घालत होती. इतक्या हळू, की केसही हलत नव्हते.

तो सगळा उन्हाळा मला असा झोपेतल्यासारखा आठवतो. रोज दुपारी त्या शेवया. साचीच्या गालांवर रंग आला, पोट दिसायला लागलं. काळ्या रसाची बाटली संपली तेव्हा काकूनं त्याच्या जागी शेंगदाण्याचं कूट आणि चिमूटभर कारळ्याची चटणी घालून बघितली. साची म्हणाली, "माँ से अच्छा," आणि लगेच जीभ चावली, जणू आई शेजारीच बसून ऐकत होती. पुढं पुढं काकूही काड्यांनी खायला शिकली. मला अजून येत नाही. परवा माझ्या लेकीनं घरबसल्या मोबाइलवरून असंच काहीतरी गार मागवलं. डबा उघडला, छान होतं. मी म्हटलं, यात कैरी पाहिजे. ती म्हणाली, "आई, हे जपानी आहे गं."

अशाच एका दुपारी शेवया धुता धुता साचीनं काकूला सांगितलं. "पहले भी था. पेट में. दो बार. फिर नहीं था." काकूचे हात पाण्यात थांबले. ती मराठीतच म्हणाली, "मला तर एकदापण नाय गं." मी हे हिंदीत सांगायला तोंड उघडलं, पण साचीनं तोवर तिचा ओला हात हातात घेतला होता.

सातवा लागला तसा आईनं ठरवलं, हिचं डोहाळजेवण करायचं. हिची आई लांब, मग आपणच माहेर. श्रावण होता पण पावसानं डोळे वटारले होते. दुपारी चैत्रासारखं तापायचं. सोयगावहून दादांची थोरली बहीण, आमची थोरली आत्या, मुद्दाम आली. आमच्या घरात कुठलंही कार्य तिच्या शब्दानं व्हायचं. गल्लीतल्या बायका जमल्या. साचीला आईनं आपली हिरवी साडी नेसवली, शेजारणीनं जाईच्या कळ्यांचे दागिने केले. ती पाटावर बसली तेव्हा सगळ्या बायका तिच्याकडं बघत राहिल्या, इतकी ती देखणी दिसत होती. काकू अर्थातच आत होती. साचीनं आदल्या दिवशीच तिला सांगून ठेवलं होतं, ताटात गार शेवया पाहिजेत.

आत्यानं तबक पुढं ओढलं. साचीनं इकडं तिकडं बघितलं. "काकू कहाँ?"

"काकू काम में," आई घाईनं म्हणाली.

"मैं रुकती," साची म्हणाली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आत्यानं मला जवळ बोलावलं. "सांग तिला. ओटी लेकुरवाळीनं भरायची असती. जिच्या मांडीवर लेकरू नाय तिचं इथं काम नाय. तिला काय कळतंय बिचारीला, नीट समजावून सांग."

मी उभी राहिले. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि आत काकडी चिरण्याचा आवाज थांबला होता. काहीतरी गोड बनवून सांगता आलं असतं. पण माझ्या तोंडून जसंच्या तसं गेलं. "वो बोल रही है, काकू को बच्चा नहीं, इसलिए काकू नहीं भर सकती."

साचीनं ते ऐकलं. तिनं सावकाश एक हात जमिनीवर टेकला आणि पाटावरून उठली. "अगं, उठू नको!" कुणीतरी म्हणालं. ती तशीच, फुलांचे दागिने सावरत, स्वयंपाकघरात गेली आणि विळीपाशी, काकूच्या समोर, खाली फरशीवर बसली. पदर पसरून म्हणाली, "पहले काकू."

काकू मागं मागं सरकत भिंतीला टेकली. तिचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. "नको गं माय. नको. तुझ्या लेकराला काय झालं तर? सुमे, सांग तिला. सांग, माझा हात नको."

मी सांगितलं. तेव्हाच मला पहिल्यांदा कळलं, की आत्या जे बोलली ते काकूलाही खरंच वाटत होतं. इतकी वर्षं ती त्याच भीतीनं चुलीपाशी बसत होती.

साची हिंदी शब्द शोधत, एकेक ठेवत बोलली. "बच्चा ये हाथ का खाना खाके बड़ा हुआ. अब डर क्यों?"

मी त्याचं मराठी केलं नाही. गरज नव्हती. आई माझ्या मागं येऊन उभी होती. तिच्या हातात तबक होतं. तोवर आत्यापुढं आईनं कधी वर मान केलेली मला आठवत नाही. तिनं ते तबक काकूच्या पुढ्यात ठेवलं. "कमल, भर ओटी."

"जाऊबाई—"

"भर म्हणते ना."

काकूनं हात पदराला पुसले, पुन्हा पुसले. कुंकू लावताना साचीच्या कपाळावर ते लांबट उमटलं. तांदूळ घातले, खण, नारळ. मग टोपलीतल्या शेवया ताटलीत वाढून तिनं बोटांनीच एक घास तिच्या तोंडात दिला. बाहेर आत्या चपला पायात सरकवत होती. "काय वंगाळ झालं तर मला सांगू नका," एवढंच म्हणाली आणि ओट्यावर जाऊन बसली. बाकीच्या बायका एकेक करून आत आल्या. स्वयंपाकघरात दाटीवाटीनं उभ्या राहून त्यांनी ओट्या भरल्या आणि गाणीही तिथंच झाली.

त्यानंतरचे महिने काकूनं कसे काढले ते मी जवळून पाहिलं, कारण मी तिच्या शेजारीच झोपायचे. साचीचे पाय सुजले की हिचा चेहरा उतरायचा. साची जरा जास्त वेळ झोपली की ही जिन्यात जाऊन कानोसा घ्यायची. सोमवार धरले, शनिवार धरले, अनवाणी देवळात जायला लागली. काका एकदा म्हणाले, "इतकं काहून जिवाला लावून घेतीस?" ती म्हणाली, "तुम्हाला नाय कळायचं. तिला काय झालं तर लोक मला काय म्हणतील ते सोडा, मीच मला काय म्हणंल?"

दसरा झाल्यावर एका सकाळी साचीला दवाखान्यात नेलं. काका नेहमीच्या गाडीवर फर्दापूरला गेले ते साहेबाला निरोप द्यायला. आई आत होती. काकू दवाखान्याच्या पायरीवर बसून होती आणि काही केल्या आत यायला तयार नव्हती. उन्हं वर आली तेव्हा आई बाहेर आली. म्हणाली, "मुलगी झाली. रडली बी लगेच. दोघी ठणठणीत हायेत." काकूनं मग माझ्याकडं पाणी मागितलं. मी तांब्या दिला. तो तिनं उभ्या उभ्या, न थांबता, सगळा पिऊन टाकला, आणि मग पदरात तोंड घालून रडली.

पुढच्या होळीच्या सुमाराला ती तिघं मायदेशी गेली. स्टेशनवर साचीनं बाळ काकूच्या मांडीवर ठेवलं होतं, गाडी सुटायची वेळ झाली तरी उचलेना. शेवटी काकूनंच ते तिच्या हातात दिलं. घरी येऊन काकूनं खोली झाडली, पुसली आणि बरेच दिवस त्या गच्चीवर ती कामाशिवाय गेली नाही.

त्यानंतर कधीतरी काका सोयगावहून आले ते आत्याचा निरोप घेऊन. आत्याच्या सुनेला दिवस होते आणि तिच्याही पोटात काही ठरत नव्हतं. आत्यानं सांगितलं होतं, "कमलला पाठव. त्या गार शेवया करायला सांग तिला." दादा आईकडं बघत राहिले. आईनं फक्त बन्सी गव्हाचा डबा फळीवरून खाली काढला. काकू गेली. पंधरवडाभर राहून, सुनेला खायला लावून परत आली. तिथं काय बोलणं झालं ते तिनं कधी सांगितलं नाही.

त्या सुनेच्या डोहाळजेवणाला मी काकूबरोबर सोयगावला गेले. आत्याच्या घरात मांडवभर बायका होत्या. काकू सवयीनं सरळ स्वयंपाकघराकडं वळली. आत्यानं तिचं मनगट धरलं, तिला मांडवात आणलं आणि सगळ्यांच्या पुढच्या पाटावर बसवलं. म्हणाली, "पयली तू भर." बस, तेवढंच. माफी वगैरे मागणाऱ्यांतली आत्या नव्हती.

काकू ओटी भरायला लागली तेव्हा शेजारी बसलेल्या एका बाईनं सहज विचारलं, "कुठल्या तुम्ही? लेकरं किती तुम्हाला?"

मी घाबरून काकूकडं बघितलं. आत्याचाही हात थबकला.

"मला लेकरू नाय," काकू म्हणाली, आणि हात न थांबवता तिनं सुनेच्या ओटीत नारळ ठेवला.